सुट्टीतलं काम, भटकंती आणि 9 ऑक्टोबरला संपणारं परमिट: जर्मनीतल्या एका विद्यार्थ्याला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो इथेच कळेल. तुम्ही मूळचे नाशिककडचे, गेल्या ऑक्टोबरपासून पश्चिम जर्मनीत मास्टर्स करताय. जानेवारीपासून दर शनिवारी एका बेकरीत आठ तास काम करता. असे 25 शनिवार झाले. आता 27 जुलै ते 28 ऑगस्ट एका गोदामात पूर्ण वेळ काम मिळतंय. त्यानंतर 7 ते 26 सप्टेंबर मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षतोडणी. मग ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे इटली, क्रोएशिया आणि जमलं तर लंडन. जर्मनीत राहण्याचं परमिट 9 ऑक्टोबर 2026 ला संपतं. या कामासाठी वेगळा सीझनल व्हिसा काढावा लागतो का आणि वर्षाला 140 दिवस कामाची मर्यादा ओलांडली जाईल का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या चुलतभावाला एका एजंटाने "टूरिस्ट व्हिसावर ये, काम मी लावून देतो" असं सांगितलंय, तर त्याने यावं का, हेही.

मी इथल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना परमिट, नोकरी आणि विमा यांबद्दल सल्ला देण्याचं काम बरीच वर्षं करते. दर जुलैमध्ये माझ्यासमोर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न दिवसांच्या मर्यादेचाच असतो. ते स्वाभाविकही आहे, कारण तो आकडा परमिटसोबतच्या कागदावर छापलेला असतो. पण तुमचा मजकूर वाचल्यावर मला काळजी वाटली ती 9 ऑक्टोबरची. दिवसांच्या बाबतीत तुम्ही मर्यादेपासून बरेच लांब आहात. परमिट मात्र तुमच्या भटकंतीच्या ऐन मध्यावर संपतंय, आणि त्याच्या नूतनीकरणाचा तुमच्या प्रश्नात एका शब्दानेही उल्लेख नाही.

आधी दिवसांचा हिशोब उरकून टाकू. वेगळा व्हिसा लागत नाही. शिक्षणासाठीच्या परमिटमध्येच काम करण्याची मुभा आहे. 1 मार्च 2024 पासून ती जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी आहे. त्याआधी 120 आणि 240 होती, म्हणून जुन्या मुलांकडून तुम्हाला वेगळे आकडे ऐकू येतात. चार तासांपर्यंत काम केलं तर अर्धा दिवस, त्याहून जास्त केलं तर पूर्ण दिवस.

याच बदलात आणखी एक तरतूद आली, ती फार कमी जणांना ठाऊक असते. दिवस मोजण्याऐवजी आठवडा मोजता येतो. लेक्चर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम केलं, तर त्या आठवड्याचे अडीच दिवस धरले जातात. लेक्चर नसलेल्या काळात तर तासांची अटच नाही. आठवडाभर पूर्ण वेळ राबलात तरी खात्यावर अडीच दिवसच पडतात. दोन्हींपैकी जी पद्धत तुमच्या फायद्याची, ती लागू होते.

तुमच्या बाबतीत शनिवारचे आठ तास दिवसाप्रमाणे मोजणं फायद्याचं, कारण एका आठवड्याचा एकच दिवस लागतो: झाले 25. गोदामाचे पाच आठवडे आणि द्राक्षांचे तीन, असे आठ आठवडे अडीचच्या हिशोबाने 20 दिवस. एकूण 45. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रोजच्या चार तासांची नोकरी धरलीत तरी तुम्ही 140 च्या आसपासही जात नाही. विद्यापीठातली हिवीची नोकरी, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली सहायक म्हणून केलेलं काम, या खात्यात धरतच नाहीत. तरीही एक वही ठेवा: तारीख, मालक, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ. उद्या कोणी विचारलं तर हिशोब तुम्हालाच दाखवायचा आहे. दोन मालकांपैकी एकालाही दुसऱ्याकडचे तास माहीत नसतात.

इथे एक मर्यादा सांगते, जी परमिटची नाही, कामगार कायद्याची आहे. सगळ्या मालकांचे तास मिळून आठवड्याला सरासरी 48 तासांच्या वर जाता येत नाही, आणि कुठल्याही एका दिवशी 10 तासांच्या वर नाही. गोदामाचे 40 आणि बेकरीचे 8 मिळून बरोबर 48 होतात. म्हणजे त्या पाच आठवड्यांत गोदामाने ओव्हरटाइम देऊ केला, तर सरासरी 48 च्या वर जात नाही ना, हे आधी तपासावं लागेल. गोदामात सही करण्यापूर्वी बेकरीतल्या नोकरीबद्दल तिथे स्पष्ट सांगा.

आता सुट्टीबद्दल. आपल्याकडे परीक्षा संपली की सुट्टी लागते. इथे जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ हा फक्त लेक्चर नसलेला काळ असतो. पेपर, प्रोजेक्टचे अहवाल, तोंडी परीक्षा याच काळात येतात, अनेक विभागांत तर सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी असते. तुमच्या विभागाचं वेळापत्रक मला माहीत नाही, म्हणून इथे माझं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सप्टेंबरमध्ये एखादा पेपर असेल आणि तुम्ही मोझेलच्या उतारावर असाल, तर तो पेपर पुढच्या सत्रावर जाणार.

एखादा पेपर राहिला म्हणून काही बिघडत नाही, असं मुलं म्हणतात. पण नूतनीकरणाच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय, ज्याला आपण सगळे आउसलेंडरबेहोर्ड म्हणतो, ते तुमची गुणपत्रिका बघतं. पहिल्या वर्षात किती क्रेडिट झाले, अभ्यास ठरलेल्या मुदतीत संपेल असं दिसतंय का, हे तपासतात. कमाईसाठी पेपर सोडला आणि त्याच कमी क्रेडिटमुळे नेहमीपेक्षा कमी मुदतीचं परमिट हातात पडलं, असं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. मग थोड्याच दिवसांनी पुन्हा तेच कागद, तीच फी, तीच धावपळ. म्हणून आधी परीक्षांच्या तारखा कागदावर मांडा आणि उरलेल्या जागेत काम बसवा.

आता 9 ऑक्टोबर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या संपूर्ण बेतात नाजूक जागा हीच आहे.

नूतनीकरणाचा अर्ज परमिट संपण्याआधी कार्यालयात पोहोचला पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालेल, अर्ज आधी गेला पाहिजे. वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुनं परमिट कायद्याने चालू धरलं जातं, कामाच्या मुभेसकट. त्याचा पुरावा म्हणून एक तात्पुरता कागद मिळतो, त्याचं नाव फिक्शन्सबेशायनिगुंग. त्यावर आत तीन चौकटी असतात. तुमच्यासारख्या, आधीपासून परमिट असलेल्या माणसाच्या कागदावर तिसऱ्या चौकटीत खूण असायला हवी. कागद हातात घेतल्यावर काउंटर सोडण्याआधी ती खूण बघा. चुकीच्या चौकटीत खूण पडली तर मालक काम थांबवू शकतो आणि परतीचा प्रवास अवघड होतो. दुरुस्तीसाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

तिसरी चौकट असलेल्या कागदावर, जुन्या कार्डासोबत, जर्मनीत परत येता येतं. पण त्या भरवशावर फिरायला जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस जर्मन भाषेतला तो घडीचा कागद आणि संपलेल्या तारखेचं कार्ड बघतो, आणि त्याला एवढंच दिसतं की तारीख गेलेली आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीला दक्षिण युरोपातल्या एका विमानतळावर असंच अडवलं होतं. कागद बरोबर होता, खूण योग्य जागी होती, तरी वरिष्ठांना फोन होईपर्यंत विमान गेलं. नवीन तिकीट तिलाच काढावं लागलं.

शहराशहरांत फार फरक आहे. लहान गावात आठवड्याभरात अपॉइंटमेंट मिळते, मोठ्या शहरांत दोन-तीन महिने लागतात. मंजुरी मिळाल्यावरही कार्ड लगेच हातात येत नाही. ते बर्लिनमधल्या सरकारी छापखान्यातून छापून येतं आणि त्यात साधारण चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे तुम्ही अर्ज याच आठवड्यात करायला हवा. ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरा आणि पोचपावतीची पीडीएफ जपून ठेवा. फॉर्म नसेल तर कागद जोडून ईमेल करा आणि अपॉइंटमेंट मागा. पुढच्या सत्राचं प्रवेशाचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आरोग्य विमा, भाडेकरार, पासपोर्ट आणि पुढच्या वर्षाच्या खर्चाची तरतूद, एवढं सगळीकडेच मागतात.

खर्चाच्या तरतुदीबद्दल दोन वाक्यं. तुम्ही येताना ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, महिन्याला 992 युरोप्रमाणे वर्षाचे 11,904 युरो दाखवले असतील. नूतनीकरणाला अनेक मुलं सुट्टीतल्या कमाईचा करार घेऊन जातात. पण तो करार सप्टेंबरमध्ये संपलेला असतो, त्यामुळे पुढच्या वर्षाचं उत्पन्न म्हणून तो धरला जात नाही. खात्यात साठलेली रक्कम मात्र दिसते आणि तिचा उपयोग होतो. बेकरीची नोकरी पुढेही चालू राहणार असेल तर तिचा करार आणि अलीकडच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या जोडा. नियमित छोटी नोकरी ही एकदाच झालेल्या मोठ्या कमाईपेक्षा अधिकाऱ्याला जास्त पटते.

आणि पुढच्या सत्राचं प्रमाणपत्र तेव्हाच निघतं जेव्हा तुम्ही सत्रशुल्क भरून नोंदणी नव्याने केलेली असते. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातच संपते. गोदामात पहाटेची पाळी करणारा मुलगा विद्यापीठाचा ईमेल उघडत नाही, मुदत जाते आणि मग दंड भरून नाव वाचवावं लागतं. शुल्क आजच भरा.

हे झालं की भटकंतीचे दिवस सहज बसतात. गोदाम 28 ऑगस्टला संपतं आणि द्राक्षं 7 सप्टेंबरला सुरू होतात, मध्ये नऊ दिवस मोकळे आहेत. पुढे 27 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर हे बारा दिवस आहेत. इटली एका फटीत, क्रोएशिया दुसऱ्यात. दोन्ही वेळा परमिटची तारीख शाबूत असते आणि 9 तारखेला तुम्ही जर्मनीत असता. तिकिटं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची काढली नसतील तर काढू नका.

जर्मन परमिटवर शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, बाकीच्या देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा नको. मात्र डुब्रोव्निकला बसने जाणार असाल तर मार्ग बघून तिकीट काढा. जुना किनारी रस्ता नेऊम गावापाशी बोस्नियाच्या हद्दीतून जातो, आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. 2022 मध्ये पेल्येशाट्स पूल खुला झाल्यापासून क्रोएशियाच्या हद्दीतूनच जाता येतं, पण सगळ्या बस त्याच मार्गाने जातात असं गृहीत धरू नका. पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही सोबत ठेवा. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. ट्रेनमध्ये पोलीस चढतात आणि मोबाइलमधला फोटो चालत नाही.

लंडन या वर्षी सोडून द्या. ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो, आणि त्याची धावपळ नेमकी इथल्या नूतनीकरणाच्याच आठवड्यांत येते.

एक धोका मुलांच्या लक्षात येत नाही. जर्मन परमिट तुम्हाला इटलीत फिरू देतं, काम करू देत नाही. हॉस्टेलच्या रिसेप्शनवर चार तास बसा आणि फुकट राहा, अशा जाहिराती तुम्हाला दिसतील. पगार नसला तरी राहण्याच्या मोबदल्यात केलेलं ते कामच ठरू शकतं. तसंच जर्मनीतही "आम्ही तुम्हाला कर्मचारी म्हणून घेत नाही, तुम्ही बिल द्या" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. बिल देणं म्हणजे स्वयंरोजगार, आणि त्याला आउसलेंडरबेहोर्डची स्वतंत्र परवानगी लागते. डिलिव्हरीच्या काही कामांत ही अट करारातल्या एका ओळीत दडलेली असते.

आता पैसे. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. गोदामाचे 40 तास म्हणजे आठवड्याला 556 युरो, पाच आठवड्यांचे 2,780. यातून किती कापलं जाईल हे कराराच्या प्रकारावर ठरतं. तुमची बेकरीची नोकरी मिनिजॉब असणार, कारण महिन्याची कमाई 603 युरोच्या आत बसते. गोदामवाल्यांकडून अल्पमुदतीचा करार मागा. वर्षात तीन महिने किंवा 70 कामाचे दिवस या मर्यादेत, सुरुवातीलाच शेवटची तारीख घालून केलेल्या कामावर पेन्शनसकट कुठलाच सामाजिक विमा कापला जात नाही, मग कमाई कितीही असो. गोदामाचे 25 दिवस आणि द्राक्षांचे आठवड्याला सहा दिवसांप्रमाणे 18, मिळून 43. बसतं. वेर्कस्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी-कर्मचारी, म्हणून करार केलात तर पेन्शनचे 9.3 टक्के जातील.

इथे लक्षात घ्या की 70 दिवसांचा हिशोब विम्याचा आहे आणि 140 दिवसांचा परमिटचा. एकाच कामाचे दिवस दोन खात्यांत दोन पद्धतींनी मोजले जातात. परमिटच्या खात्यात तुमचे सुट्टीतले आठ आठवडे म्हणजे 20 दिवस. विम्याच्या खात्यात त्याच आठवड्यांचे 43. मालकाच्या फॉर्मवर "या वर्षात याआधी किती दिवस अल्पमुदतीचं काम केलं" असा प्रश्न येतो, तिथे 43 मधले दिवस लिहायचे, 20 मधले नाहीत. बेकरीचे शनिवार त्यात येत नाहीत, पण मिनिजॉब चालू आहे हे त्याच फॉर्मवर वेगळं सांगायचं.

करासाठी आधीच एक गोष्ट विचारा: कर तुमच्या टॅक्स आयडीवर, कर-वर्ग एकप्रमाणे (अविवाहितांचा वर्ग) कापणार की सरसकट एकाच दराने? सरसकट कापला आणि तो भार तुमच्यावर टाकला, तर तो परत मिळत नाही. टॅक्स आयडीवर कापला तर वर्षाचं करपात्र उत्पन्न 2026 साठीच्या 12,348 युरोंच्या आत असल्यास पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून पूर्ण रक्कम परत येते. सरकारचं एल्स्टर हे पोर्टल फुकट आहे, आणि ऐच्छिक विवरणपत्र मागच्या चार वर्षांचं भरता येतं. पगारपावत्या फेकू नका.

द्राक्षांबद्दल तुम्ही "घरचंच काम आहे, जमेल" असं लिहिलंय. तोडणीची सवय उपयोगी पडेलच, पण नाशिककडचा मांडव आणि मोझेलचा उतार यांत बराच फरक आहे. तिथे सपाटीवरचे मळे बहुधा मशीनने काढतात. माणसं लागतात ती उभ्या चढावर. पायाखाली स्लेटचे सुटे तुकडे, पावसानंतर ते घसरतात, आणि घड कापताना एक पाय सतत वाकलेला राहतो. ट्रेकिंगचे बूट आणि पाठीवरचं पाणी स्वतःचं न्या. द्राक्षं वाइनची असतात, त्यामुळे घडाचा देखणेपणा राखायचा नसतो. कुजके मणी ओळखून बाजूला काढायचे असतात, आणि ते जमलं की मळेवाला पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावतो.

पगारापेक्षा तिथे दोन गोष्टी आधी विचारा. पाऊस पडला आणि तोडणी थांबली तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का? आणि राहण्या-जेवणाचे किती कापणार? दोन्ही उत्तरं लेखी हवीत. बादलीमागे किंवा किलोमागे दर ठरवला असेल तरी तासाचा हिशोब किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, हा कायदा आहे. आणि तारखा लवचीक धरा: उन्हाळा कडक गेला तर तोडणी आधी सुरू होते. तसा फोन आला तर ऑगस्टच्या शेवटची ती नऊ दिवसांची फट आक्रसेल, म्हणून त्या फटीतलं तिकीट बदलता येईल असंच काढा.

थोडक्यात तुमचा क्रम असा: आज सत्रशुल्क, या आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज, मग परीक्षांच्या तारखा बघून गोदामाची सही, आणि सगळा प्रवास 8 ऑक्टोबरच्या आत.

चुलतभावाचं उत्तर वेगळं आहे, कारण तो इथला विद्यार्थी नाही.

टूरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, एक दिवसही नाही. एजंट सांगतो ते "तिथे गेल्यावर बदलून घेऊ" होत नाही. सापडला तर हकालपट्टी आणि प्रवेशबंदी, आणि ती नोंद शेंगेनच्या सगळ्या देशांना दिसते. तिसऱ्या वर्षाचा मुलगा म्हणजे दोन वर्षांनी तो स्वतः मास्टर्सचा अर्ज करणार असेल. तीन महिन्यांच्या मजुरीसाठी तो दरवाजा बंद करून घेऊ नये. शिवाय तिथे त्याला काम लावून देणारा माणूस त्याचा पगार बुडवेल तेव्हा तक्रार करायला तो कुठे जाणार?

परदेशी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनीत सुट्टीतल्या कामाची कायदेशीर वाट आहे. बारा महिन्यांत 90 दिवसांपर्यंत काम करता येतं, पण ते काम जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेने, बुंडेसआगेंटूरने, मिळवून दिलेलं असावं लागतं. तुम्ही ओळखीने शोधलेली किंवा एजंटाने आणलेली नोकरी त्यात बसत नाही. काम त्याच्या विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीतच करायचं असतं, आणि त्यावर बहुतेक भारतीय मुलं अडतात. इथे माणसं हवी असतात जुलै ते सप्टेंबर. पुण्यात तेव्हा नवीन सत्र सुरू झालेलं असतं. त्याची उन्हाळी सुट्टी सलग सहा-आठ आठवड्यांची आणि तीही मे-जूनच्या आसपास. शिवाय त्याला जर्मन बोलता यायला हवं. म्हणून मी त्याला या वाटेने पाठवणार नाही.

त्याच्या वर्षाला शोभेल असा मार्ग म्हणजे अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिप. चार सत्रं पूर्ण झालेल्या परदेशी विद्यार्थ्याला, बुंडेसआगेंटूरच्या संमतीने, त्याच्या विषयातली इंटर्नशिप एक वर्षापर्यंत करता येते. तिसऱ्या वर्षाला तो या अटीत बसतो. कंपनी किंवा प्रयोगशाळा त्याने स्वतः शोधायची, संमतीचा अर्ज बहुधा कंपनी करते, आणि मग त्या कागदावर व्हिसा. कॉलेजने आठव्या सत्रात इंटर्नशिपला मुभा दिली असेल तर वेळही जुळते. त्यासाठी आत्तापासून प्राध्यापकांना आणि कंपन्यांना लिहायला हवं.

एजंटाने त्याच्यापुढे अमेरिकेच्या समर वर्क ट्रॅव्हलचंही नाव काढलंय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो जे-1 या, देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीच्या अमेरिकी व्हिसाखालचा खरा कार्यक्रम आहे. अमेरिकेबाहेर पूर्ण वेळ शिकणाऱ्या, किमान एक सत्र पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या लांब सुट्टीत, जास्तीत जास्त चार महिने. पण व्हिसासाठी लागणारा डीएस-2019 फॉर्म अमेरिकी परराष्ट्र खात्याने नेमलेला स्पॉन्सरच देतो, पुण्यातला एजंट नाही, आणि व्हिसा लागणाऱ्या देशांतल्या मुलांची नोकरी निघण्याआधीच ठरलेली असावी लागते. 2011 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा इथे याच कार्यक्रमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी संप केला होता: आधी भरमसाट फी भरून आलेली मुलं चॉकलेटच्या गोदामात खोकी उचलत होती आणि पगारातून भाडं कापलं जात होतं. त्यानंतर 2012 मध्ये नियम कडक झाले आणि गोदामासारखी कामं वगळली गेली. म्हणून भावाला एवढंच विचारायला सांगा: स्पॉन्सरचं नाव काय, नोकरी कोणत्या गावात आणि तासाला किती, राहण्याचे किती कापणार, आणि व्हिसा नाकारला तर फीमधले किती परत. एजंट ही चार उत्तरं लेखी देत नसेल तर एक रुपयाही भरू नये. आणि तो चार महिन्यांचा काळही त्याच्या कॉलेजच्या सुट्टीतच बसायला हवा, जिथे गाडी पुन्हा त्याच सहा-आठ आठवड्यांवर येते.

तुमच्या विभागाच्या सप्टेंबरमधल्या परीक्षांच्या तारखा आणि गोदामाच्या करारातली मुदतीची ओळ कळवलीत, तर गोदाम आणि मोझेल यांपैकी काही सोडावं लागेल का, ते नेमकं सांगता येईल. अर्जासाठी मात्र त्या उत्तराची वाट बघू नका.